पद हे वतन नव्हे

(विहारातील निरोपसभेत केलेले भाषण)



एका महाविद्यालयात बावीस वर्षे पालीचे अध्यापन केल्यानंतर मी त्या पदाचा राजीनामा दिला आहे आणि येत्या महिन्यात अमेरिकेतील एका विद्यापीठात पाली भाषा व भारतीय बौद्ध धम्माचा इतिहास शिकविण्यासाठी जात आहे. त्यानिमित्त आपण ही सभा भरविली, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेला गौरव मी नम्रपणे बाजूला ठेवतो. कारण त्या गौरवाहून मला अधिक मोलाचा वाटतो तो एक प्रश्न. गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर एका वृद्ध उपासिकेने मला दारात थांबविले आणि विचारले, "सर, तुम्ही जाताय ते चांगलंच आहे. पण आम्हाला तिसरण नुसतं पाठ होतं, त्याचा अर्थ तुम्ही सांगितला. आता बाकीचं कोण सांगणार?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. परंतु घरी गेल्यावर तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. आजचे माझे भाषण म्हणजे त्या बाईंना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडच्या काही वर्षांतच दीक्षा घेतली आहे. आपल्या घरांतून आता मुले पदवीधर होतील, नोकरीला लागतील, दूरदेशी जातील. तेव्हा हा प्रश्न केवळ माझ्यापुरता राहणार नाही. शिकलेल्या मनुष्याने आपली जागा सोडून जावे काय, आणि जावयाचे असेल तर ते कसे, याचा निर्णय प्रत्येक घराला एक दिवस करावा लागेल. १९५६ च्या मार्च महिन्यात आग्रा येथे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी सुशिक्षित वर्गाविषयी जो तीव्र खेद व्यक्त केला तो आपण सर्वजण जाणतो. त्या खेदाची आठवण ठेवूनच मी बोलत आहे.

प्रथम जागा म्हणजे काय याचा विचार करू. आपल्या पूर्वजांना एक जागा होती. तिचे नाव महार वतन. ती कोणी मागितलेली नव्हती. ती जन्माने मिळत असे आणि जन्मभर सुटत नसे. दिवसा वा रात्री, सरकारी माणसाचा वा गावाचा हुकूम आला की उठावे लागे. घरचा कर्ता पुरुष हजर नसला तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. मोबदला म्हणजे इनामाचा लहानसा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर बांधून ठेवली होती. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात तो कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक मांडले. तथापि ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. वतनाच्या तुकड्यावर जीव असणारे आपल्याच समाजातही होते, आणि वतन सोडा असे सांगणाऱ्या बाबासाहेबांना त्यांचीही समजूत घालावी लागली.

ही जुनी गोष्ट मी आज का काढतो? वतन म्हणजे अशी जागा की जी मनुष्याला सोडीत नाही आणि मनुष्यही तिला सोडीत नाही. धम्मात अशा जागेला स्थान नाही. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ शिष्यांना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांना जावयास सांगितले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही बजावले. पण त्याच शास्त्याने भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी स्थिर राहण्याचाही नियम घालून दिला. चारिका आणि वर्षावास या दोन्ही गोष्टी एकाच शासनातल्या आहेत. तेव्हा जाणे हे पाप नव्हे आणि राहणे हे पुण्य नव्हे. कशासाठी जातो आणि मागे काय ठेवून जातो, हे पाहिले पाहिजे.

या कसोटीवर दोन मोठ्या माणसांची उदाहरणे आपण पाहू.

पहिले उदाहरण बाबासाहेबांचे. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य समाजातील मनुष्याला अशी सन्मानाची आणि चांगल्या वेतनाची सरकारी जागा मिळणे ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. घरी माणसे पुष्कळ आणि मिळकत तेवढीच. असे असता १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी ते पद सोडले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले होते. तो पुरा करावयाचा होता. पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर ते निघाले. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले, आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवीही त्यांना मिळाली. पुढील वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि त्यानंतरचा इतिहास आपणांस विदित आहे.

परंतु या जाण्याची किंमतही सांगितली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले होते. ते निघून काही महिने होतात न होतात तोच बाबासाहेब विलायतेस गेले. पत्र दुसऱ्यांच्या हाती राहिले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत ते टिकले नाही. 'बहिष्कृत भारत' निघण्यास १९२७ चा एप्रिल उजाडला. म्हणजे बाबासाहेबांसारखा पुरुष गेला तरी मागे पोकळी पडली. मग आमच्यासारख्यांनी माझ्यावाचून काही अडणार नाही असे म्हणून निश्चिंत होणे योग्य नाही. या अनुभवातून बाबासाहेब जे शिकले ते त्यांच्या पुढील कार्यात दिसते. त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. एक माणूस गेला तरी दुसरा शिकवील, अशी ही व्यवस्था होती.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. 'भगवान बुद्ध' या त्यांच्या ग्रंथामुळे हे नाव आपल्या घरांतून परिचित आहे. ते आपल्या समाजातले नव्हते. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बुद्धाविषयी जाणून घ्यावे या एका ओढीने त्यांनी घर सोडले, आणि काशी, नेपाळ व बुद्धगया असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी काही काळ काढला.

परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. ते चांगले स्थिर पद होते. पण बुद्धाचा विचार मराठी माणसांपर्यंत पोहोचावा ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. सयाजीराव गायकवाड महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कोसंबींनी कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडली. माणसे थोड्या पगाराची जागा सोडून मोठ्या पगाराच्या जागेकडे जातात. हा गृहस्थ उलट दिशेने गेला, हे आपण ध्यानात ठेवावे.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वूड्स यांनी त्यांना अमेरिकेस बोलाविले. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते, परंतु १८९९ साली त्याचा मृत्यू झाल्याने ते अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी पाली जाणणारा मनुष्य हवा होता. कोसंबी गेले; पण संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे यावरून तेथे मतभेद झाला आणि १९१२ साली ते परतले. त्यानंतर सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे यासाठी त्यांनी खटपट केली, आणि त्या कामी डॉ. भांडारकरांचे पाठबळ त्यांना लाभले. १९१८ साली त्यांनी फर्ग्युसनचे पद सोडले आणि त्याच अपुऱ्या ग्रंथासाठी ते पुन्हा हार्वर्डला गेले. १९२२ साली परतले, १९२६ मध्ये आणखी एकदा गेले. तो ग्रंथ हार्वर्डने छापला तो १९५० साली. त्याआधी तीन वर्षे, १९४७ च्या जून महिन्यात, सेवाग्राम येथे कोसंबींचे निधन झाले होते.

आता मागे काय राहिले ते पाहा. १९१८ साली कोसंबी गेले म्हणून फर्ग्युसनमधील पाली संपली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले पु. वि. बापट यांनी तेथे पालीचे अध्यापन दीर्घकाळ केले. हेच बापट पुढे हार्वर्डला गेले, परतले, आणि बुद्धाच्या पंचवीसशेव्या जयंतीनिमित्त भारत सरकारने १९५६ साली बौद्ध धम्माच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासावर जो ग्रंथ काढला, त्याचे संपादक झाले. ज्या वर्षी नागपुरास लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली त्याच वर्षीची ही गोष्ट. कोसंबींनी पद सोडले, पण त्यापूर्वी त्यांनी शिष्य तयार केला होता. आणि देशात परतल्यावर १९३७ साली त्यांनी मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभारला. परदेशाची विद्या त्यांनी कोठे आणून ठेवली ते यावरून दिसते.

या दोन थोर पुरुषांशी माझी तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु कसोटी थोरांना एक आणि लहानांना दुसरी असे नसते. म्हणून माझा हिशेब मी आपणांसमोर मांडतो.

मी केवळ समाजासाठी जात आहे असे म्हणालो तर चौथे शील मोडेल. तेथील वेतन अधिक आहे. तेथील ग्रंथालये मोठी आहेत. बावीस वर्षे तोच अभ्यासक्रम शिकविताना मनाला जे गंज चढते ते मला जाणवू लागले होते. ही कारणे माझी स्वतःची आहेत आणि ती मी नाकारीत नाही. याखेरीज आणखी एक कारण आहे. तेथील विद्यार्थ्यांना बौद्ध धम्म माहीत असतो तो जपानचा, तिबेटचा, थायलंडचा. बुद्धाच्या जन्मभूमीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी काय घडले, हे त्यांतील फार थोड्यांच्या कानी गेलेले असते. ते सांगण्याची संधी मला मिळत आहे, आणि ती सोडू नये असे मला वाटले.

माझ्या मित्रांनी मला सल्ला दिला की राजीनामा कशाला देता? दोन-तीन वर्षांची असाधारण रजा घ्या, पदावर धारणाधिकार ठेवा, तेथे जमले नाही तर परत या. हा सल्ला प्रेमाचा होता आणि नियमात बसणाराही होता. मी महिनाभर त्यावर विचार केला. माझ्या विभागात एक तरुण शिक्षिका आहे. ती माझ्याच वर्गात शिकली, नेट परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि आज पाच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. जितके तास तितके मानधन. सुट्टीच्या महिन्यांत तेही नाही. माझे नाव त्या पदावर राहील तोवर तेथे तिची, वा तिच्यासारख्या दुसऱ्या कोणाची, कायम नेमणूक होऊ शकणार नाही. मी सात समुद्रांपलीकडे, आणि माझी खुर्ची येथे माझ्या नावाने अडलेली. मला एकाएकी वतनाची आठवण झाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे जोखड फेकून दिले, तेच मी गादी म्हणून जवळ ठेवू पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून दिला.

परंतु याची दुसरी बाजूही मी आपणांपासून लपवून ठेवीत नाही. राजीनाम्याने जागा मोकळी होते; ती भरली जातेच असे नाही. पद भरण्यास शासनाची मान्यता लागते, बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, जाहिरात निघावी लागते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अशा कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या आहेत. पालीसारख्या विषयाला विद्यार्थी थोडे. उद्या कोणी म्हणेल, वर्गच बंद करा. तसे झाले तर माझ्या जाण्याने एक दार बंद झाले असे होईल, आणि तो दोष माझ्याकडे येईल. म्हणून मला आपला सत्कार नको आहे, आपले साहाय्य हवे आहे.

पहिली गोष्ट. हे पद बिंदुनामावलीप्रमाणे व विनाविलंब भरले जावे यासाठी आपण सह्यांचे निवेदन महाविद्यालयास आणि शिक्षण खात्यास द्यावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. पद कोणत्या प्रवर्गाचे, ते केव्हापासून रिक्त, प्रस्ताव कोठे अडला, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे.

दुसरी गोष्ट. मुलांना पाली घेऊ द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पालीला, मराठीबरोबरच, अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने भाषा जगत नाही. वर्गात मुले बसली तर जगते. वर्ग भरलेला असेल तर तो बंद करणे कोणालाही सोपे जाणार नाही.

तिसरी गोष्ट. ज्या मुलामुलींना परदेशी शिकावयाचे आहे त्यांच्या आईबापांनी हक्कांची माहिती करून घ्यावी. दीक्षा घेतल्यामुळे सवलती गेल्या अशी भीती नवदीक्षित कुटुंबांना घातली जाते. ती निराधार आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत १९९० च्या कायद्याने स्थान मिळाले आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याच वेळी हेही जाणा की केंद्राच्या शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळले. आपल्याच इतिहासाचा अभ्यास परदेशी करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलाला त्यामुळे दार बंद झाले. याविरुद्ध आपण सनदशीर मार्गाने बोलत राहिले पाहिजे.

आणि परदेशी गेल्याने जात सुटते अशा भ्रमात कोणी राहू नये. आपल्या देशाची माणसे जेथे गेली तेथे जातही त्यांच्या सामानातून गेली. तसे नसते तर अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाला २०१९ साली आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाला २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख करावा लागला नसता. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल नगराने जातिभेदाला बंदी केली; असे करणारे ते अमेरिकेतील पहिले नगर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र तेथील राज्यपालांनी नाकारले. म्हणजे लढा तेथेही चालू आहे. मी तेथे जाऊन नाव बदलणार नाही, आडनाव लपविणार नाही, आणि कोणी विचारले तर मी बाबासाहेबांचा अनुयायी व बौद्ध आहे असेच सांगेन. एवढे अभिवचन मी आज या विहारात देतो.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येतो. बाई, आपण समोरच बसला आहात. बाकीचा अर्थ कोण सांगणार, असे आपण विचारले. रविवारचा वर्ग पुढे तीन जण चालवतील: महाविद्यालयातील ती शिक्षिका, रुग्णालयात परिचारिका असलेली आपल्या वस्तीतील एक मुलगी, आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले आपले एक उपासक. गेले वर्षभर ते तिघे पाळीपाळीने वर्ग घेत आहेत आणि मी मागे बसून ऐकत आहे. ते चुकतात तेथे मीही एकेकाळी चुकत असे. मी महिन्यातून एकदा त्यांच्या शंकांची उत्तरे लिहून पाठवीन. वर्षाकाठी माझ्या वेतनाचा विसावा भाग या विहाराच्या ग्रंथालयासाठी येईल. त्याचा हिशेब समितीने सभेत वाचून दाखवावा आणि एखाद्या वर्षी तो आला नाही तर तेही वाचून दाखवावे.

परंतु बाई, उत्तराचा अर्धा भाग आपल्याकडे आहे. सरण म्हणजे काय ते आपणांस कळले, असे आपण स्वतःच म्हणालात. तर मग आपल्या गल्लीत गेल्या वैशाखात दीक्षा घेतलेल्या दोन घरी जाऊन ते आपण सांगावे. एखादा शब्द अडला तर या तिघांना विचारावे. मी शिकविले ते माझ्यापाशी अडकून राहिले असते तर ते मी शिकविले असे म्हणता आले नसते.

माझ्या हातात ही एक वही आहे. या वर्गाची अकरा वर्षांची हजेरी तिच्यात आहे, आणि शेवटच्या पानांवर वंदनेतील शब्दांचे अर्थ मराठीत लिहिले आहेत. काही अर्थांपुढे मी प्रश्नचिन्ह केले आहे, कारण मलाच त्यांची खात्री पटलेली नाही. ती चिन्हे पुढच्यांनी सोडवावीत. ही वही मी आता त्या तिघांच्या स्वाधीन करतो, आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जयभीम.